शेवटची सोंगटी माझी होती

अगं तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटेल.

वरच्या खोलीतला भाडेकरू गेला ना, तेव्हापासून मी आणि ताई दोघी त्या खोलीवर डोळा ठेवून. मला हवी झोपायला. बेकरीत माझी पाळी पहाटे तीनला सुरू, दुपारी येऊन मी आडवी होते आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर! मिक्सर, कुकर, मावशीचा फोन तोही स्पीकरवर. परवा ओव्हनसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली, अख्खा ट्रे हातातून सुटला. मालक म्हणाला, आणखी एकदा असं झालं तर दुसरीकडे काम बघ. आणि ताईला तिथं कापड बेतायचं टेबल टाकायचंय, कारण जमिनीवर ओणवी होऊन होऊन तिची कंबर कामातून गेलीय. म्हणजे तिचंही खरंच आहे. तोच तर वैताग!

मावशीचं घर, मावशीचा निकाल. "भांडू नका गं. रविवारी माहजाँग खेळू. तुम्हा दोघींत जिचे पॉइंट जास्त, खोली तिची."

माहजाँग म्हणजे सोंगट्यांनी खेळायची रमीच, संच जुळवायचे, चार जण लागतात. चौथे काका. काका म्हणजे मावशीचे यजमान, आयुष्यभर दुकानांतले तराजू तपासले त्यांनी, त्यामुळे नियमांचा छापील कागद ते मांडीवर घेऊन बसतात.

तर शेवटचा डाव. ताई माझ्यापुढे फक्त नऊशेनं! कुठलाही फुटकळ हात लागला तरी मी पुढे. आणि मी काय केलं? घाई! काकांनी टाकलेली सोंगटी दिसली की उचलली, जुळवली, मांडली. मग बघते तर हात तयार, एकच सोंगटी हवी, बांबूच्या चित्राची तिर्री नाहीतर छक्की, पण हातात जिंकायला लागतो तसा एकही मान्य प्रकार नाही. नुसते संच जुळून भागत नाही गं, हाताला काहीतरी दर्जा लागतो. माझ्या हाताला शून्य.

पण एक वाट असते. उचलायच्या सोंगट्यांची जी भिंत रचलेली असते, तिच्यातली अगदी शेवटची सोंगटी उचलून हात पुरा झाला, तर तोच दर्जा. किंवा ती उचलणाऱ्यानं जी टाकली, त्या डावातली शेवटची, तिच्यावर पुरा झाला तरी चालतो. मी मोजायला लागले. राखीव चौदा सोडून किती उरल्या, कोणाच्या वाट्याला कोणती. माझ्यानंतर मावशी, मग ताई, मग काका, मग परत मी. पुन्हा मोजलं. शेवटची माझी!

तेवढ्यात ताईनं रीची लावली, म्हणजे "माझा हात तयार" असं जाहीर केलं. आता तिला हात बदलता येत नाही, जी उचलेल ती लागली नाही तर टाकायचीच. बरं, कोणी न जिंकता डाव मोडला तर तयार हातवाल्या आम्हा दोघींना सारखेच पॉइंट, आणि रीचीला ठेवलेले हजार आमच्याकडे परत मिळतात, म्हणजे माझी नऊशेची पिछाडी तशीच. मला ती शेवटची हवीच होती.

"दोन उरल्या," काका बोलले. त्यांनी एक उचलली, वाऱ्याच्या चिन्हाची एक टाकली. माझा हात भिंतीकडे निघालेला, बोटं सोंगटीपासून एवढ्यावर...

"पॉन!"

मावशी!

"मावशी, तुझा हात तयार आहे का?"

"छे गं. पसारा आहे नुसता."

"मग कशाला घेतलीस?"

"दोन होत्या, तिसरी दिसली. हात थांबतोय का माझा?"

कोणी पॉन केला, म्हणजे टाकलेली तिसरी सारखी सोंगटी उचलली, की पाळी त्याच्याकडे जाते आणि पुढे त्याच्यानंतरच्याकडे. म्हणजे माझी सोंगटी गेली ताईकडे! वर मावशीनं टाकलं काय? बांबूची छक्की. माझीच! पण ती शेवटची नव्हती ना, भिंतीत अजून एक होती, म्हणजे दर्जा नाही, मी गप्प.

ताईनं शेवटची उचलली. बघितली. तोंड पडलं. टाकली.

बांबूची तिर्री.

तू ओरडलीस ना आत्ता? मी पण ओरडणार होते, "रॉन", म्हणजे "या सोंगटीवर जिंकले", अगदी जिभेवर आलं. आणि डोक्यात कागदावरची ती ओळ. आपल्याला चालणारी सोंगटी एकदा हातची सोडली, कारण काही का असेना, तर पुढची आपण स्वतः उचलेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या सोंगटीवर जिंकता येत नाही. मावशीची छक्की मी सोडलेली. त्यानंतर मी काही उचललं का? कुठून उचलणार, माझी पाळीच खाल्ली तिनं!

मी काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसत होते. ताई कंबर दाबत होती. कोणाचं लक्ष नव्हतं गं, कोणाचंच.

मी बोलले नाही.

मग हात उघडे करायचे असतात, तयार असलेल्यांनी. मी केला. ताई बघतच राहिली. "अगं, तिर्री! मी टाकली होती की! झोपली होतीस का?"

"वेंधळी आहे नुसती," मावशी म्हणाली.

मग मी सांगितलं. छक्की सोडली होती, चालत नाही. काकांनी कागद उलटासुलटा केला, बोट ठेवून वाचलं. "बरोबर आहे हिचं. माझ्या तर ध्यानातही आलं नव्हतं." म्हणजे बघ! तराजू तपासणाऱ्याच्या!

आणि मावशीनं काय म्हणावं? "मग घ्यायची ना दडपून! कोण विचारणार होतं?" ही! हीच, जिच्या पॉनमुळे हे सगळं झालं!

ताईनं सोंगट्या डब्यात भरल्या आणि टेबलाची मापं घ्यायला टेप घेऊन वर गेली. आज दुपारी परत मिक्सर. मी छताकडे बघत पडलेले, वरून ताईच्या कात्रीचा आवाज, आणि तीनला पाळी. चूक केली का गं मी? तू तिथं बसली असतीस, कोणी बघत नव्हतं, तर तू काय केलं असतंस?