आलेच हं

“बाई, मी एकदा पोझ धरून पडलो की हात बधिर झाला तरी तोंड उघडणार नाही. घड्याळ तुम्ही बघायचं.”

पैलवानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. काडीसारखा माणूस, म्हणून तर पोरांनी हे नाव ठेवलेलं. बावीस वर्षं ते चित्रकलेच्या वर्गात मॉडेल होते. शिकवणाऱ्याने ‘धरा’ म्हटलं की स्तब्ध व्हायचं, ‘सोडा’ म्हटलं की हलायचं.

त्या दिवशी मी जुन्या उस्तादांच्या रेखाटनांच्या प्रती भिंतीवर लावल्या होत्या. एकमेकांच्या उरावर बसलेली, झुंजणारी माणसं. एकात खाली पडलेल्याचा वार अडवणारा हात तीनदा काढलेला, दर वेळी जरा खाली. चित्रकार गती शोधतोय, असं मी शिकवलं.

“गती कसली,” पैलवान सदरा काढत म्हणाले. “दमला असेल बिचारा.”

वर्ग हसला. मीही.

ते तसेच आडवे झाले, हात वर. मी ‘धरा’ म्हटलं आणि पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप. “आलेच हं,” म्हणून मी पळाले. संध्याकाळी तिचा ताप उतरला तेव्हा आठवलं, ‘सोडा’ म्हणायचं राहिलं.

घंटा होईपर्यंत सव्वा तास त्यांनी हात धरला. खांद्याचा स्नायू फाटला. आता तो हात छातीच्या वर जात नाही, आणि वर्गात नवा मॉडेल आला आहे.

“त्यांना तोंड नव्हतं का?” विभागप्रमुख म्हणाले, आणि त्या दिवसाचं एक चित्र त्यांनी कौतुकाने व्हरांड्यात लावलं. मी वर्गातल्या मुलांचे अठराच्या अठरा कागद काढून पाहिले. प्रत्येकावर हात तीन-चारदा काढलेला. खाली, आणखी खाली, मग पुन्हा वर. अठरा जणांनी तो हात थरथरताना पाहिला, पेन्सिल धरून मापला, खोडून नीट केला. एकाच्याही तोंडून ‘सोडा’ निघालं नाही. त्यांना तसं बघायला शिकवणारी मीच. संताप करायचा तरी कुणावर?

पैलवानांच्या घरी गेले तेव्हा ते डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत होते. मी पुढे झाले, तर नको म्हणाले. मी विचारलं, का नाही सोडलात?

“तुम्ही ‘आलेच’ म्हणाला होता ना.”

तुम्हीही कुणाला ‘आलेच’ म्हणून हे वाचायला बसला असाल, तर आधी उठा. जाऊन बघून या.