वळचणीचा कप

भाकरीची ताटली दगडाबाईसमोर आली आणि तिनं ती तशीच शेजारणीकडं सरकवली. हा तिसरा रविवार. पेडगावच्या अलीकडं तिची वस्ती. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक ख्रिस्ती माणसं प्रार्थनेला बसतात. रीत अशी की, मनात कुणाविषयी अढी असेल तर प्रभूची भाकर घ्यायची नाही. बरेच जण अढी ठेवून घेतात. दगडाबाईला ते जमत नाही.

पाथरीहून येणारे पास्टर नागनाथ तिला बाजूला घेऊन म्हणाले की, मनातल्या मनात माफ करून टाका.

"मनात माफ केलं तर सुग्रीव मालकाला कसं कळंल, त्यांनी काय केलं ते?"

पास्टरांनी पुस्तक मिटलं.

दगडाबाई चौदा वर्षं शाळेत खिचडी शिजवते. चूल पेटवण्याआधी क्षणभर प्रार्थनेला डोळे मिटते. जोडीची तानुबाई त्याच चुलीला हळदकुंकू लावते. दोघींचं कधी बिनसलं नाही. पण तीन आठवड्यांमागं जमीनदार सुग्रीवरावांनी ते मिटलेले डोळे पाहिले. दगडाबाईच्या नातीला, पंकजाला, पंगतीतून उठवलं, तिची ताटली मातीत उपडी केली आणि साऱ्या पोरांदेखत म्हणाले, ही बाई अन्न बाटवते. दुसऱ्या दिवसापासून अकरा पोरं घरून डबे आणू लागली. हेडमास्तर दुसरी बाई शोधायला लागले.

गाव म्हणालं, पाया पड, मिटवून टाक. गावात शांतीचा अर्थ एवढाच असतो: मार खाल्लेल्यानं आवाज करू नये. पुतण्या राम म्हणाला, ठाण्यात चल.

"ठाण्याला मी भीत न्हाई," ती म्हणाली. "पर आधी एकटीनं जायचं, तोंडावर सांगायचं. आपल्याला प्रभूनं तसंच शिकवलंय."

मंगळवारी दुपारी ती गेली. सुग्रीवराव ओसरीवर बाजेवर पडले होते. त्यांची बायको धुरपदाबाई तूर निवडत होती.

"काय गं दगडे, काय काढलंस?"

"मालक, तुमी पोरीची ताटली मातीत वतली. तिला उपाशी ठिवलं, आन मला बाटवणारी म्हणालात. ते चुकलं तुमचं. एवढंच सांगायला आले."

धुरपदाबाईचे हात सुपात थांबले. त्या घरात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

"माफी मागायलीस का धमकी द्यायलीस?"

"दोनी न्हाई. भांडण ठिवायचं न्हाई म्हणून आले."

बोलणं संपवायला माणूस चहा मागवतो, तसा सुग्रीवरावांनी मागवला. धुरपदाबाईनं वळचणीतून वस्तीवाल्यांसाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप काढला. याच कपात दगडाबाईची आई चहा प्यायली, आणि चाळीस वर्षं दगडाबाईही. कधी चकार शब्द काढला नव्हता.

आज तिनं भरलेला कप पायरीवर ठेवला.

"ह्यो कप वळचणीला हाय तवर भांडण मिटलं म्हणायचं न्हाई, मालक."

ती वळली. मागून सुग्रीवराव काहीतरी ओरडले. हापशापर्यंत ती थांबली नाही.

चौथ्या रविवारीही ताटली पुढं गेली. रामनं टोमणा मारला, "झाली का शांती, काकू?"

"निम्मी. माझ्या वाटंची मी करून आले."

सोमवारी धुरपदाबाई पंकजाला हाताला धरून शाळेत आली. पोरीला स्वतः पंगतीत बसवलं. मग चुलीजवळ येऊन पदराखालून तो कप काढला.

"ह्यांला माहीत न्हाई. मीच काढला. तुमीच काय करायचं ते करा, दगडाबाई."

"म्हंजी फेकायचं कामबी आमच्याच वाट्याला?"

धुरपदाबाईनं कप पुढं धरला. चूल धुमसत होती. दगडाबाईनं तिच्या हातातून कप घेतला, राखेनं घासला, धुतला, पुन्हा घासला आणि मिठाच्या डब्यात ठेवून दिला. तेव्हापासून साऱ्या शाळेच्या खिचडीला मीठ त्याच मापानं पडतं. डबे आणणारी पोरं एकेक करून पंगतीला आली. हेडमास्तरांनी दुसऱ्या बाईचं नाव काढणं सोडलं.

सुग्रीवराव मात्र वाटेत दिसले की अजून तोंड फिरवतात.

रविवारी ताटली आली. दगडाबाईनं तुकडा उचलला, जरा वेळ तळहातावर धरला, मग मधून मोडला. अर्धा खाल्ला. अर्धा पदराच्या टोकाला बांधून ठेवला.