बसून, हॅट घालून

घंटा वाजली तेव्हा ओबडाया स्केल्बी पार्लमेंटच्या भोजनगृहात मटणाचा घास तोंडात घालत होता. मतदानाची घंटा! ताट तसंच टाकून गडी धावत सुटला. हॅट खुर्चीवरच राहिली, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मतदान होतं रेल्वेच्या विधेयकावर. रेल्वे कंपनी मासळीच्या एका टोपलीला अख्ख्या डब्याचं भाडं लावायची. मग हॅलोबी बंदरातल्या कोळणींनी करायचं काय? धक्क्यावरच्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने मासळी देऊन टाकायच्या बिचाऱ्या. स्केल्बी तिथलाच खासदार, तिथल्याच एका कोळणीचा मुलगा. 'टोपलीला टोपलीचंच भाडं' एवढी एक ओळ विधेयकात घालायला त्याने किती जणांचे उंबरठे झिजवले होते! कालच ती ओळ मंजूर झाली होती.

दारं बंद झाली. सभापतींनी कलम पुन्हा वाचलं आणि स्केल्बीने कान टवकारले. त्यात टोपलीची ओळच नव्हती. कुणीतरी त्यांच्या हाती जुनी प्रत दिली होती. एकदा मतं पडली की सगळं मुसळ केरात.

"सभापती महाशय!" तो ताडकन उभा राहिला.

"खाली बसा! हॅट! हॅट!" एकच गिल्ला झाला.

मतदान पुकारल्यावर हरकत घ्यायची ती बसून, डोक्यावर हॅट घालून, ही तिथली रीत. उघड्या डोक्याच्या माणसाचं सभापती ऐकूनच घेत नाहीत. स्केल्बी धपकन बसला, डोकं चाचपलं आणि हॅट भोजनगृहातच राहिल्याचं त्याला आठवलं. मागावी कुणाकडे? त्याच्या बाकावरचे सगळे मत द्यायला केव्हाच बाजूच्या मतदानाच्या दालनात गेले होते.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून सर ल्युशियस ट्रेमेन उठले. हे त्याच रेल्वे कंपनीचे संचालक, आणि या टोपल्यांवरूनच दोघांची कायम जुंपलेली. ते तरातरा आले आणि आपली उंच रेशमी हॅट त्यांनी स्केल्बीच्या डोक्यावर दाबून बसवली. ती थेट नाकापर्यंत उतरली.

"अरे, माणूस कुठे गेला?" कुणीतरी ओरडलं. सभागृह खो खो हसलं.

"हसा, खुशाल हसा!" स्केल्बी आतूनच म्हणाला. "पण कालची टोपलीची ओळ गेली कुठे, ते सांगा!"

प्रत तपासली, चूक सापडली. कलम त्या ओळीसकट पुन्हा वाचलं गेलं, मतं पडली आणि हॅलोबीच्या बायका जिंकल्या.

स्केल्बीने हॅट परत केली. "सर, तुमचे उपकार मी कसे..."

"उपकार कसले डोंबलाचे? मी मत विरोधातच दिलंय," ट्रेमेन गुरकावले. "तुम्ही हरावं अशीच माझी इच्छा होती, स्केल्बी. पण तोंड दाबून नव्हे."

स्केल्बीला रडू आवरेना. चारचौघांत रडला, आणि का रडू नये? तसाच तो तारघरात गेला आणि हॅलोबीला तार लिहिली: 'टोपलीची ओळ टिकली. रविवारी प्रार्थनेत सर ल्युशियस ट्रेमेन यांचं नाव घ्या.'

तारमास्तर चपापला. "साहेब, हे तर रेल्वेवाले ना?"

"तेच ते," स्केल्बी डोळे पुसत म्हणाला. "आजवर इतक्या शिव्या घातल्यात त्यांना, की गावात पोराटोरांनाही नाव तोंडपाठ आहे."