बऱ्या दिवसाचे प्रश्न

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. ढाणकीच्या पुढे, कपाशीच्या शेतांना लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. त्यातलं एक टिनाचं घर. दार लोटलेलं. आत एक बाई कपाळाला फडकं घट्ट बांधून पडली आहे. अर्धं डोकं ठणकतंय, मळमळतंय, उजेड नको झालाय. त्या दुखण्याला अर्धशिशी म्हणतात.

आता पुढचं मनात आणा. दोन दिवसांनी दुखणं गेलं. बाहेर छान ऊन पडलं आहे. ती बाई काय करेल?

तुम्ही म्हणाल, हसेल, चार घरी जाऊन गप्पा मारेल. पण त्या बाईचं, म्हणजे धनीबाईचं, तसं नव्हतं. बरं वाटलं, की ती घरातलं भांडं न् भांडं पाण्यानं भरून ठेवी. उद्याच्याही भाकरी आजच थापी. शेळ्यांचा चारा आणून रचून टाकी. लग्नाचं आवतन आलं, की "पाहू" म्हणे आणि जात नसे. तिची मुलगी रंजिता पाचवीत होती. सगळ्या घरांत बरा दिवस असाच असतो, असं तिला वाटे.

एकदा मायलेकी उमरखेडच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "दुखल्यावर घ्यायची गोळी तुमच्याकडे आहेच. पण दुखत नसतं त्या दिवसांवरही या दुखण्याचं ओझं असेल, तर रोजची गोळी सुरू करू. तिनं दुखण्याच्या खेपा कमी होतील. आमच्या दवाखान्यातली निशिगंधा घरी येऊन काही प्रश्न विचारेल. त्यावरून ठरवू."

रंजितानं ते शब्द मनात पक्के धरले. याडीला, म्हणजे आईला, ती रोजची गोळी मिळायलाच हवी होती.

निशिगंधाताई आली तो दिवस बरा होता. धनीबाईनं बाज टाकली, चहा ठेवला. रंजिताचे वडील बाबूसिंग ओट्यावर दोर वळत बसले होते.

"काकू, हे प्रश्न दुसऱ्या भाषेतून मराठीत आणले आहेत," ताई म्हणाली. "कुठं अडलं तर सांगा. डोकं दुखत नसतं तेव्हा, पुढच्या डोकेदुखीची भीती वाटते का?"

"नाही."

"डोकेदुखी येईल म्हणून काही ठरवायचं टाळता का?"

"नाही जी."

"तिचा बरा दिवस म्हंजे माझा वाईट दिवस, ताई," बाबूसिंग मध्येच म्हणाले. "इतकं कामाले लावते!"

"तुमी दोर वळा," धनीबाई म्हणाली.

असे सगळे प्रश्न झाले. सगळ्यांना एकच उत्तर. ताईनं उत्तरांच्या गुणांची बेरीज केली आणि कागद पिशवीत घालायला लागली. "चांगलं आहे, काकू. बऱ्या दिवशी काहीच त्रास नाही तुम्हाले. मग रोजची गोळी बहुतेक लागणार नाही."

रंजिता उठून पुढे आली. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आता गप्प बसून भागणार नव्हतं.

"ताई, याडी खोटं नाही बोलली. पण आज बरा दिवस हाय ना! आमच्या घरी बऱ्या दिवशी त्याचं नाव नाही घेत. नाव घेतलं का ते येते."

धनीबाईनं डोळे वटारले. "घेतलंस ना पोरी ओढवून?"

"नाव कुठं घेतलं मी?"

ताईचा हात पिशवीतच थांबला. बाबूसिंगांनी दोर खाली ठेवला. "आता कसं सांगावं, ताई... जंगलात गेल्यावर वाघाले वाघ म्हनते का कोनी? तसंच हाय हे."

ताई हसली नाही. कागद बाहेर काढून तिनं पुन्हा वाचला. प्रश्न होते सगळे बऱ्या दिवसांचे, ते विचारायचेही बऱ्या दिवशीच, आणि प्रत्येक ओळीत ते नाव!

"मग मीच सांगू का?" रंजितानं विचारलं. "मले सगळं ठाऊक हाय."

"नाही बेटा. ओझं ज्याचं, उत्तर त्याचंच लागते."

रंजितानं आपल्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. मग म्हणाली, "तर तुमी नाव नका घेऊ. तिथं नुसता कपाळाले हात लावा."

ताईनं पहिला प्रश्न पुन्हा घेतला. नावाच्या जागी तिनं आपल्या कपाळावर हात ठेवला. "हे नसते तेव्हा, हे येईल म्हणून भीती वाटते?"

धनीबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "रोजच वाटते," ती म्हणाली. "म्हनून त दोन दिवसांचं पानी भरून ठेवतो मी."

"यामुळं काही ठरवायचं टाळता?"

"टाळाले आधी ठरवा त लागते. मी ठरवतच नाही."

बाबूसिंग हळूच म्हणाले, "मले वाटे, तुले कामाचीच हौस हाय."

"तुमाले काय वाटे, ते मले माहीत हाय," धनीबाई म्हणाली. पण या वेळी ती थोडीशी हसली.

बेरीज मोठी आली. कपाळावर हात ठेवून प्रश्न विचारल्याचंही ताईनं समासात लिहिलं, डॉक्टरीणबाईंना कळावं म्हणून. पुढच्या आठवड्यात उमरखेडहून गोळ्या आल्या. रोज सकाळी एक घ्यायची, बऱ्या दिवशीसुद्धा.

पहिल्या सकाळी धनीबाई गोळी तळहातावर घेऊन नुसती बसून राहिली. डोकं अगदी हलकं होतं तिचं.

"काहीच नाही आज. अशात गोळी घेनं म्हंजे त्याले आवतन देनंच झालं," ती म्हणाली. "कोनी विचारलं, कायची गोळी, त काय सांगू?"

रंजितानं एक बोट आपल्या ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा लोटा आईपुढे धरला.