रिकामा मग

सबिनानं निळा मग नळाखाली धरला आणि आत काहीतरी खुळखुळलं. नळ न सोडता तिनं मग तिरपा केला. तळाशी मूठभर भाजलेल्या शेंगा होत्या.

"आजी, शेंगा राहिल्यात तुमच्या."

"राहिल्या न्हाईत. तुलाच हायत." काउंटरपलीकडच्या मुक्ताबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "काढून घे अन भर."

मागं रांग होती. सबिनानं शेंगा ताटलीत ओतल्या आणि कोकम सरबतानं मग काठोकाठ भरून दिला.

पळसदेवजवळच्या या वॉटर पार्कमध्ये आत येताना मग मिळायचा. दिवसभर हवा तितक्या वेळा तो भरून घ्यायचा आणि जाताना परत करायचा. एका मगावर एकच माणूस, असं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तरी लोक एकाच मगावर अख्ख्या वऱ्हाडाला पाजत, बाटल्या भरून नेत. मागच्या रविवारी तर एकानं घरचा थर्मास भरला होता. वैतागलेल्या मॅनेजर दिग्विजयनं सकाळीच सांगून टाकलं होतं, "आज मी स्वतः बघणार आहे. हे असंच चाललं तर उद्यापासून इथं मशीन. ठरलेलं सरबत देईल आणि बंद होईल." सबिनाचं काय, हे तो बोलला नव्हता. घरून चालत येता येईल असं सावलीतलं दुसरं काम तिला आसपास ठाऊक नव्हतं.

मुक्ताबाई पुन्हा आल्या. या वेळी मगात कैरी होती.

मग भरून घेऊन त्या निघाल्या, तशी सबिनाची नजर त्यांच्यामागून कडुनिंबाखाली गेली. तिथं त्यांची नातवंडं ओळीनं बसली होती, आणि मुक्ताबाई एकेकाच्या तोंडात वरून धार सोडत होत्या.

"मान वर. आ कर. घाई न्हाय करायची."

धाकट्या छकुलीच्या फ्रॉकवर सरबत सांडलं. मुक्ताबाईंनी ते पुसलं, तिचा ठसका थांबेपर्यंत वाट पाहिली. "जमंल तुला. थोडंथोडं सोडते. हां, आता गिळ."

त्या पुन्हा काउंटरवर आल्या तेव्हा सबिनानं आवाज खाली आणला.

"आजी, एका मगात एकानंच प्यायचं असतं. फलकावर लिहिलंय."

"व्हय की, नातवानं वाचून दावलं. म्हणून तर कुणाला तोंड लावू दिलं न्हाय. समदी वरनंच पितो आमी. उष्टं न्हाय केलं तुझं भांडं."

तेवढ्यात मागून दिग्विजयचा आवाज आला.

"आजी, हा मग एका माणसाचा आहे."

"व्हय, माझाच हाय."

"अन ती सगळी पोरं?"

"ती बी माझीच हायत."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दिग्विजय हसला नाही. त्यानं हात पुढं केला. "द्या तो इकडं. जमा करावा लागेल."

मुक्ताबाईंनी मग दिला. क्रेटमध्ये टाकायला त्यानं तो उपडा केला, तर कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा त्याच्या तळहातावर पडला.

"हे काय?"

"दर वेळी काहीतरी असतं, सर." सबिनानं ताटली पुढं सरकवली.

"बाहेरचं खाणं आणायला मनाई आहे, आजी."

"ही पोरगी दर खेपंला भरून देणार, अन मी नुसतं रिकामं भांडं पुढं करू? शेजारणीकडं तरी कधी करती का मी असं?" मुक्ताबाई म्हणाल्या. "एवढ्या उन्हात पोरं गार झाली बघा, लई बरं वाटलं. चुकलं असंल तर ऱ्हाऊ द्या. आता पाणी पितील."

त्या वळल्या. दिग्विजय रिकामा मग धरून उभा राहिला. लहानपणी पिंपळी गावात आई शेजारची वाटी त्याच्या हाती देऊन परत करायला धाडायची. वाटेत आतली साखर तो बोटानं चाटायचा.

"आजी, थांबा."

त्यानं स्वतः नळ सोडला, मग काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. "रांग बघ," एवढंच सबिनाला म्हणून तो निघून गेला. गुळाचा खडा त्याच्या मुठीतच होता.

संध्याकाळी सबिना मग धूत होती. दिग्विजय काउंटरला टेकून फोनवर बोलत होता.

"उद्या नका पाठवू मशीन. नाही, पैशांचं काही नाही. एक विचारायचं होतं." त्यानं ताटलीतल्या शेंगांकडं पाहिलं. "मग भरून घेताना कुणी शेंगा दिल्या, तर त्या ठेवायला मशीनमध्ये जागा असते का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते सबिनाला ऐकू आलं नाही. तिनं ओले हात पुसले आणि ताटली त्याच्याकडं सरकवली. फोन खांद्याशी दाबून त्यानं एक शेंग फोडली.