वेणूने तपासलेला मध

मुरबाडच्या मुलखात लाकडी पेट्यांतून मधमाश्या पाळायला सुरुवात केली ती यमाजीने. त्याच्या मधाचं नाव शहापूरपर्यंत होतं. मध सोसायटीने मध तपासायला शिकवलं ते मात्र त्याच्या सुनेला, वेणूला.

बासष्ट सालचा उन्हाळा होता. बरेच जण आपल्या मधाची बाटली तपासायला सोसायटीच्या खोलीत आणून देत होते. वेणू मध कोमट पाण्यात विरघळवी, हाताने फिरवायच्या यंत्रात घाली आणि तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरी. बहुतेकांच्या गाळात फुलांचे परागच दिसत. यमाजीच्या मधात परागांबरोबर बारीक, लांबट कणही होते. माश्यांच्या अळ्या सडवणाऱ्या रोगाचं ते बीज. वेणूने काच धुऊन दुसरा गाळ घेतला. कण होतेच.

खाणाऱ्या माणसाला त्यापासून भय नव्हतं. पण शहापूरजवळच्या सापगावचा कुंडलिक त्याच दिवशी यमाजीकडची पोळी माश्यांसकट न्यायला येणार होता. मग रोग शहापूरभर गेला असता. वेणू खोलीला कुलूप लावून घराकडे धावली.

कुंडलिक आलाच होता.

"मामंजी, पोळी देऊ नका," वेणू धापा टाकत म्हणाली. "मधात रोग दिसलाय."

कुंडलिक हसला. "यमाजीच्या माश्यांना रोग? बघ तरी, कशा कामाला लागल्यात."

यमाजी म्हणाला, "मला तर काय दिसत नाय गो."

"आताशी सुरुवात आहे. उघडून बघू या."

दोन पेट्यांत काही सापडलं नाही. कुंडलिक चुळबुळ करू लागला. वेणूचाही धीर सुटत चालला होता. तिसऱ्या पेटीच्या पोळ्यात अळीच्या एका घराचं झाकण खचलेलं दिसलं. तिने त्यात काडी खुपसली आणि हळूच वर ओढली. काडीबरोबर सडलेल्या अळीची तपकिरी, चिकट तार लांबत आली.

यमाजीने ती काडी हातात घेतली आणि हुंगली.

"काय करायचं?" त्याने विचारलं.

"लागण झालेल्या पेट्या जाळायच्या."

त्याने स्वतः खड्डा खणला आणि माश्या पेटीत परतल्यावर, तिन्हीसांजेला, आगकाडीही स्वतःच ओढली. "सोसायटीत बोलू नको, तुझं नाव जाईल," कुंडलिक कळकळीने म्हणाला.

"मीच सांगतो," यमाजी म्हणाला.

सभेत त्याने उभं राहून सगळं सांगितलं. ते ऐकून, ज्यांनी संकोचाने मध दिला नव्हता त्यांनीही बाटल्या आणल्या. उंबरमाळीकडच्या दोघांच्या मधात तेच बीज निघालं. त्यांच्या पेट्या वेळीच जाळल्यामुळे शेजारच्यांच्या वाचल्या. सापगावला तर रोग पोचलाच नाही.

पुढे यमाजीने जंगलातून नव्या माश्या धरल्या. लांबून कोणी त्याचा मध बघायला आलं, की तो आधी वेणूला बाहेर बोलवी.

"ही आमची सून," तो म्हणे. "हिनं माझ्या पेट्या जाळायला लावल्या, म्हणून या मुलखात माश्या राहिल्या."

वेणू पदर सावरून हसे, आणि पाहुण्यांना मधातला रोग कसा ओळखायचा ते सांगायला बसे.