मामंजींच्या नावाचा हुकूम

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दारू ढोसून स्की करायला आलेल्या धटिंगणाच्या हातातल्या काठ्या मी काढून घेते. एका मंत्र्याच्या भाच्याला मी रांगेत सगळ्यात मागे पाठवलंय. पण एक शब्द माझ्या तोंडून काही केल्या निघत नव्हता, आणि यंदा नेमकी त्याच शब्दावर माझी नोकरी येऊन अडकली.

शब्द अगदी साधा. चालतं काही जागच्या जागी उभं करायचं असलं की माणूस जे ओरडतो ते. 'थांब.' त्याला आमच्या किरगीझ भाषेत जो शब्द आहे, तेच माझ्या सासऱ्यांचं नाव. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि त्या नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा उच्चारायचा नसतो. माझ्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्याकडे घड्याळ बंद पडलं की मी "घड्याळ झोपलं" म्हणते, बर्फ पडायचं राहिलं की "बर्फ दमलं" म्हणते, आणि बसवाल्याला "उभी कर रे मेल्या!" म्हणते. काही म्हणता काही अडलं नाही.

काराकोलच्या वरच्या अंगाला आमचा स्कीचा डोंगर. तिथे खुर्च्यांच्या लिफ्टचं खालचं ठाणं माझ्याकडे. खुर्ची मागून येते, माणूस बसतो, पुढचा आडवा दांडा खाली ओढतो आणि वर जातो. कुणाचा मफलर अडकला, कुणाचा पाय मुरगळला, की मी लाल बटण दाबायचं आणि त्याच वेळी वायरलेसवर वरच्या माणसाला ओरडून सांगायचं. मोटर वर आहे, आणि कडाक्याच्या थंडीत बटणं कधी दगा देतील याचा नेम नाही. अठरा हिवाळे मी रशियनमध्ये "स्तोप!" ओरडले. लोकही सुखरूप, मामंजींचा मानही सुखरूप.

यंदा बिश्केकहून नवा हुकूम आला. लिफ्टच्या ठाण्यावरच्या प्रत्येक माणसानं परीक्षा द्यायची. वायरलेसवर फक्त चार आज्ञा, चारही राजभाषेत, म्हणजे किरगीझमध्ये, छापल्यात अगदी तशाच. शब्द बदलला तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर ठाण्यावर पाऊल ठेवायचं नाही. यादीतली पहिली आज्ञा कुठली असेल, ते मी काय वेगळं सांगू!

मी पळवाट काढली. परीक्षा होईपर्यंत "धर!" म्हणायचं ठरवलं. मोटरीवर पूर्वीचा जुमाश असता तर त्याला कळलंही असतं. पण तो निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी नारीनहून सापार आला. चाळिशीचा, सरळ, जरा जास्तच सरळ. मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो. गेल्या आठवड्यात अल्मातीच्या एका बाईच्या सॅकचा पट्टा खुर्चीत अडकला. मी बटण दाबलं, ते गारठून बसलेलं. मी ओरडले, "धर!"

वायरलेसवर सापारचा शांत आवाज आला, "काय धरू, एजे?"

तेवढ्यात ती बाई दहा पावलं फरफटत गेली. पट्टा तुटला म्हणून वाचली. गुडघे सोलवटले तिचे. ती उलट मलाच धीर देत होती, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. चूक सापारची नव्हती. चूक शंभर टक्के माझी होती.

मंगळवारी इन्स्पेक्टर आला. मेदेरबेक त्याचं नाव. पस्तिशीचा, नाकाचा शेंडा लाल, हुकूम प्लॅस्टिकमध्ये घालून आणलेला. म्हणाला, "एजे, समजा बटण गेलं. खुर्चीत माणूस अडकलाय. वायरलेसवर काय म्हणाल?"

मी वायरलेस तोंडाशी नेला. "ध..." म्हटलं आणि वायरलेस खाली घेतला.

"नवऱ्याकडच्या कुणाचं नाव?" त्यानं हळूच विचारलं.

"सासऱ्यांचं."

"माझ्या आजेसासऱ्यांचं नाव दगड," तो म्हणाला. "सासूबाई अजून दगडाला 'ती टणक वस्तू' म्हणतात. मला सगळं कळतं हो, एजे. पण हुकमात सासऱ्यांसाठी वेगळं कलम नाही. जेवण करून या. दोन वाजता पुन्हा विचारतो. तेव्हाही नाही आलं, तर मला नापास लिहावं लागेल."

नवऱ्याला फोन लावला. जेंगिश म्हणाला, "खोकल्याचं निमित्त करून खोकता खोकता म्हणून टाक."

"तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत," म्हणून मी फोन ठेवला.

मामंजींना यातलं काही माहीत नव्हतं. वय एक्क्याऐंशी. रोज अकराला आमच्या शेजाऱ्याच्या गाडीतून वर यायचे, दुधाच्या चहाचा थर्मास घेऊन माझ्या ठाण्याबाहेरच्या बाकावर उन्हाला बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला खिशातला बोरसोक, तळलेल्या कणकेचा गोळा, काढून द्यायचे. सगळ्या डोंगराला त्यांच्यापासून ही गोष्ट लपवता आली, फक्त सापारला आली नाही. जेवायला खाली आला आणि गडी सरळ म्हणाला, "आजोबा, तुमच्या नावापायी एजेची नोकरी चाललीय."

मामंजींनी थर्मासचं झाकण लावलं. मला हाक मारली. मी मान खाली घालून पुढे उभी राहिले.

"ती अल्मातीची बाई फरफटली, ती यामुळे?"

"हो."

"माझा मान राखायला?"

मी मान डोलावली.

"अगं, कमाल आहे तुझी!" मामंजी कडाडले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला त्यांनी. "माझ्या आधीची चार लेकरं गेली माझ्या आईची. पाचवा मी. तिनं हे नाव कौतुकानं ठेवलं होतं का? मरण दारात आलं की त्याच्या अंगावर ओरडायला ठेवलं होतं! लोक वाचवायचं नाव आहे ते, आणि तू ते डब्यात घालून ठेवलंस?"

"मामंजी, तुमची आण, जीभच वळत नाही हो."

"वळेल. न वळून जाते कुठे!"

दोन वाजता इन्स्पेक्टरनं लाल बटणावर चिकटपट्टी मारली. वरती सापारला बजावलं, "हुकमातला शब्द ऐकू आला तरच मोटर बंद कर. खोकला ऐकून नाही, धर ऐकून नाही." मी वायरलेस घेऊन उभी. मागून खुर्ची आली, आणि आमचे मामंजी, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, हातात काठी, टुणकन त्या खुर्चीत जाऊन बसले.

"अहो आजोबा!" इन्स्पेक्टर ओरडला.

"परीक्षेला अडकलेला माणूस लागतो ना? मी अडकलोय!"

खुर्ची निघाली. पहिल्या खांबापर्यंत ठीक होतं, खाली मऊ बर्फ, दोन पुरुष उंची. पहिला खांब मागे पडला तसा मामंजींनी आडवा दांडा उचलला आणि डोक्यावर ढकलून दिला. हाताची घडी घातली. पुढच्या खांबाच्या आधी घळ आहे. तिथे खुर्चीतून खाली बघवत नाही.

"दांडा! दांडा खाली घ्या!" इन्स्पेक्टर किंचाळला. मग बटणाकडे धावला आणि स्वतःच मारलेली चिकटपट्टी हातमोज्यांनी खरवडायला लागला. ती निघेना.

"मी वाट बघतोय गं!" मामंजी वरून ओरडले. वाऱ्यानं त्यांचा लांब कोट फडफडत होता. ते जरा पुढे सरकूनही बसले, म्हातारा मुलखाचा हट्टी!

"धर..." तोंडातून निघालं. सापार ढिम्म. खुर्ची घळीकडे चाललेली. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्याबरोबरच तो शब्द बाहेर आला. वायरलेसची गरजच नव्हती, पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला असेल.

"तोक्तो!"

खुर्च्या एकदम अडखळल्या, झुलल्या आणि जागच्या जागी राहिल्या. सगळीकडे शांत झालं. आणि वरून, स्वच्छ, खणखणीत आवाजात मामंजींनी ओ दिली.

"ओऽऽ!"

इन्स्पेक्टरनं कपाळाचा घाम पुसला, वहीत काहीतरी खरडलं. "पास, एजे," तो म्हणाला. "आजोबांना मात्र दांडा उचलल्याबद्दल या लिफ्टवर वर्षभर बंदी. त्याला कलम आहे. आता आणा त्यांना खाली."

मी वायरलेस उचलला. तेवढ्यात वरून आवाज आला, "परत एकदा!"

"मामंजी, आधी दांडा घ्या हो खाली, पाया पडते!"

त्यांनी दांडा खाली घेतला. अगदी शहाण्यासारखा, दोन्ही हातांनी. मग पुढे वाकून म्हणाले, "घेतला. आता एकदा म्हण. माझा चुलतभाऊ कालिकदादा गेला त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्यानंतर मला नावानं कुणी हाकच मारली नाही. तुझी सासू बिचारी 'अहो, अहो' करतच गेली. बाकी सगळ्या गावाचा मी आजोबा."

मी इन्स्पेक्टरकडे बघितलं. तो वही मिटून पाठ फिरवून उभा होता, लांबच्या देवदारांकडे बघत.

मी डोळे पुसले, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून मामंजींना नावानं हाक मारली. लिफ्ट तर केव्हाचीच थांबलेली होती.